रिकामा डबा परत देत नाहीत

मित्रांनो, मी जर्मनचा डबा. जर्मन म्हटल्यावर तुमच्यातल्या काही जणांना लगेच रणगाडे आणि विमानं आठवतील, पण तसं काही नाही. आमच्याकडची जुनी माणसं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, एवढीच माझी त्या देशाशी ओळख. मी वीतभर उंच आहे, मला कडीचं घट्ट झाकण आहे आणि माझ्या पोटात लसणाचा वास कायमचा मुरला आहे. मी लढाईला जाऊन आलो हे खरं आहे. त्या लढाईवर सिनेमा निघाला तेव्हा मला त्यात काम मिळालं नाही, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी सांगतो, जरा निवांत बसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात, तानाबाईच्या हातात. तानाबाई कसबा बावड्याची. तिचा थोरला मुलगा बंडू नुकताच फौजेत भरती झाला होता आणि त्याच्याबरोबर द्यायला तिला चटणीचा डबा हवा होता. तिनं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, आत नाक घातलं, दुकानातल्याच कळशीतलं पाणी भरून झाकण लावलं आणि दुकानदाराच्या पांढऱ्या गादीवर मला सरळ उलटा धरला. तो ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत परीक्षा झालीसुद्धा. एक थेंब सांडला नाही, म्हणून मी तिचा झालो. मग माझ्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी ‘बंडू’ असं नाव घातलं गेलं.

कोल्हापूरची चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला बोटभर वाढायचा प्रकार नव्हे. घरातल्या सगळ्या रश्शांचा जीव तिच्यात असतो. मिरची, सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा आणि लसूण तानाबाई स्वतः उखळात कांडायची. ती चटणी माझ्यात दाबून भरायची आणि वर तेलाची धार सोडायची. मग फौजेतली कसलीही पातळ डाळ माणसाला गोड लागे.

त्या घरात एक रीत होती. ती तुमच्याही घरी असेल. कुणाचा डबा आपल्याकडे आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही. काहीच नसलं तर गुळाचा खडा, नाहीतर चिमूटभर साखर तरी घालायची. बंडू ही रीत फौजेतही विसरला नाही. सुट्टीवर घरी येताना तो मला कधी अक्रोडांनी भरून आणी, कधी जर्दाळूंनी. मग त्याची धाकटी बहीण बाळाबाई झाकण उघडायला पहिली धावत येई.

बंडूच्या पलटणीत तात्यासो नावाचा दुसरा कोल्हापूरकर होता, मंगळवार पेठेतला. अंगानं दांडगा, तालमीत घुमलेला, आणि भुकेला अगदी कच्चा. गाव एक म्हटल्यावर चटणीही दोघांची झाली. बंडू त्याला ‘तात्या’ म्हणे. जेवताना तात्याचा हात माझ्याकडे आधी येई. बंडू हसून झाकण उघडून देई.

मग एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. उत्तरेकडच्या डोंगरात गस्तीवर असताना आमच्या तुकडीवर तोफगोळे पडले. वरून बर्फ कोसळत होता. मी बंडूच्या पाठपिशवीत होतो. गोळ्याचा एक तुकडा पिशवी फाडून माझ्या कुशीवर आदळला, मला खोल पोचा पाडून तिरपा सरकला आणि बंडूच्या बरगडीखाली शिरला. मला कळलं, बंडूला कळलं. तात्याला मात्र कळलं नाही, कारण त्याच्या स्वतःच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि बंडूनं त्याला तसाच पाठीवर घेतला होता.

बाकीची तुकडी बर्फात कुठे गेली ते समजेना. डोंगराच्या आडोशाला मेंढपाळांचं एक सोडून दिलेलं दगडी खोपट होतं, त्यात दोघे शिरले. तिथे किती दिवस गेले ते मी मोजलं नाही. बंडू छपरातली लाकडं ओढून एवढासा जाळ करी, माझ्यात बर्फ घालून वितळवी आणि त्या कढत पाण्यात तळाशी उरलेली चटणी बोटाच्या टोकाएवढी टाकी. तेच जेवण होतं.

पण मित्रांनो, काय थाटात वाढायचा तो! बसल्या बसल्या म्हणायचा, “तात्या, ताट घे. आमच्या बावड्याची जत्रा हाय आज.” मग तो तिथे नसलेलं सगळं जेवण वाढत सुटे. आधी सुकं मटण, मग तांबडा रस्सा, मग पांढरा, मग जाड भाकरी, वर फोडलेला कांदा.

“बास, बास, पुरं,” असं तात्याही हसून म्हणे.

“पुरं कसं? आमच्यात पावण्यानं पुरं म्हणायचं नसतंय. आणि एक वाटी घे की!”

असं म्हणत तो माझ्यातलं तिखट पाणी तात्याच्या तोंडाला लावी. तात्यानं विचारलं, “तू रं?” तर म्हणे, “मी तुझ्या आधीच जेवलोय. तू झोपला हुतास तवा.” तो जेवलेला नसायचा. माझ्यात किती होतं आणि कुणाच्या पोटात गेलं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला तोंड आहे, पण ते फक्त भरायला. बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

शेवटी एका सकाळी बर्फ थांबला. बंडूनं मला तात्याच्या छातीशी ठेवलं आणि म्हणाला, “तळाला चटणी हाय अजून थोडी. पुरवून खा. मी आलोच.” तो डोंगर उतरून गेला. दुपारी आमचे जवान खोपटात आले, तात्याला घेऊन खाली निघाले. बंडू त्यांना ओढ्याजवळ भेटला होता. वरचं खोपट हातानं दाखवून तो तिथेच खाली बसला होता, तो पुन्हा उठलाच नाही. त्याच्या कुशीत तुकडा होता, हे तात्याला तेव्हा समजलं.

पाय बरा झाल्यावर तात्या कोल्हापूरला आला आणि मला पिशवीत घेऊन बावड्याला गेला. तानाबाई दारातच बसली होती. तिनं लढाईचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “माझा बंडू शेवटाला जेवला हुता का रं?”

ज्या मुलानं आपल्या वाटणीचं दुसऱ्याला भरवलं त्याच्या आईला काय सांगायचं? आणि ज्याला भरवलं त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं? तात्यानं मान हलवली. “व्हय,” म्हणाला. तानाबाईनं पदरानं डोळे पुसले. तात्याचा हात पिशवीत माझ्यापर्यंत आला होता. पण मी रिकामा होतो. त्या घरातला डबा त्या घरात रिकामा कसा द्यायचा, आणि भरायचा तर कशानं? तो मला तसाच घेऊन परत आला.

त्यानंतर पन्नास वर्षांहून जास्त काळ मी तात्याच्या घरच्या फळीवर बसून काढला. तात्याला सगळे मानानं तात्यासो म्हणू लागले, मग ते आजोबा झाले. तानाबाई गेली. बाळाबाईचं लग्न बावड्यातच झालं होतं. ती वाटेत भेटली की तात्यासो दोन शब्द बोलत आणि घाईनं पुढे जात. फळीवर माझ्या शेजारी स्टीलचे डबे आले, प्लॅस्टिकचे आले, आणि मला कुणी हात लावेना. एकदा त्यांच्या सुनेनं, अंजनानं, माझ्यात बटणं भरली. तात्यासोंनी ती काढून वाटीत ठेवली. डब्याला रिकामं राहणं फार जड जातं, मित्रांनो. भरलेल्या डब्याचं वजन उचलणाऱ्याला कळतं. रिकाम्याचं मात्र त्याचं त्यालाच.

आणि एक दिवस आदिती आली. आदिती कोल्हापूरचीच, सिनेमे करणारी. लढाईतून जगून आलेल्या माणसांची खरी गोष्ट तिला पडद्यावर मांडायची होती. पलटणीच्या एका मेळाव्यात तिनं तात्यासोंचं नाव ऐकलं होतं. तिनं मला फळीवरून दोन्ही हातांनी खाली घेतलं, माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. इतक्या वर्षांनी कुणीतरी इतकं निरखून पाहिल्यावर मी मनातून फुगलो. जाताना ती म्हणाली, “पुढच्या आठवड्यात येते. डबा सिनेमात लागेल.”

झालं! अंजनानं ते ऐकलं आणि तिच्या अंगात आलं. आपल्या घरचा डबा सिनेमात जाणार, तो असा काळा, पोचा पडलेला कसा पाठवायचा? लोक काय म्हणतील? तिनं मला राख आणि चिंच लावून घासलं, मग तांबटाकडे नेऊन पोचा आतून ठोकून काढला, वर पॉलिशही मारून आणलं. आदिती परत आली तेव्हा मी लग्नाच्या रुखवतात मांडावा तसा चकाकत होतो. आदितीचा चेहरा पडला. तात्यासोंनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा माझ्या कुशीवर पोचा शोधत फिरत राहिला. अंजनाला आपली चूक कळली, तसे तिचे डोळे भरून आले.

“मामंजी, मला वाटलं…”

“असू दे, पोरी,” तात्यासो म्हणाले. “पावण्याकडं पाठवायचं भांडं कुणीबी घासूनच पाठवतंय.”

आदितीबरोबर मुंबईहून निर्मात्यांच्या वतीनं एक गृहस्थ आले होते, त्यांच्यापुढे त्याच बैठकीत पटकथेचं बोलणं निघालं. ते सज्जन होते आणि धंदा जाणणारे होते. ते म्हणाले की खऱ्या गोष्टीचा सिनेमा करताना थोडी काटछाट करावीच लागते. प्रेक्षक एका माणसाला धरून चालतो. म्हणून बंडू आणि तात्या या दोघांचा मिळून एकच जवान करावा. तो एकटा खोपटात अडकतो, एकटाच झुंजतो आणि जगतो.

मला तात्यासोंचं मन ठाऊक होतं. बंडू सिनेमात नसला तर बाळाबाईला काहीच कळणार नव्हतं. भाऊ उपाशी गेला हे कळणार नव्हतं. तिच्या आईला आपण खोटं सांगितलं हेही कळणार नव्हतं. नुसतं ‘बरं’ म्हटलं की झाकण कायमचं बंद. पण मग माझ्या बुडावरचं नावही जणू पुसलं जाणार होतं. त्यांनी मला उलटं केलं. पॉलिशखाली नाव अजून शाबूत होतं. ते त्यांनी वाचलं.

“पावणं,” ते म्हणाले, “दोघांचा एक आसता, तर त्यो तितंच मेला आसता की.”

मग तात्यासो पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते जेवण वाढायला लागले. बंडूच्या आवाजात, बंडूच्या आग्रहानं. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, “पुरं कसं?” सगळं. अंजना पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मुंबईच्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि तो पुन्हा लावायचं विसरून गेले. आदिती फक्त ऐकत होती. मी फार लोक बघितलेत, मित्रांनो, पण मधे न बोलता ऐकणारं माणूस क्वचित भेटतं. सगळं संपल्यावर ती हळूच म्हणाली, “आजोबा, हे दाखवलं तर बाळाबाईंना कळेल.”

“कळू दे. मला तोंडानं सांगवंना, म्हणून इतकी वर्सं गेली. तुमी दावा. मी तिच्या शेजारी बसंन.”

इचलकरंजीत यंत्रमागाची एक बंद शेड होती. चित्रीकरण तिथे झालं, तेही ऐन मे महिन्यात. आत दगडी खोपट उभारलं होतं आणि बर्फाच्या जागी पिंजलेला कापूस अंथरला होता. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत लोकरीचे कोट घातलेली मुलं थंडीनं कुडकुडत होती. एवढं खोटं एकत्र येऊन त्यातून इतकं खरं कसं निघतं, हे मला अजून उमगलेलं नाही. माझं काम करायला एक नवा डबा आणला होता. आदितीनं काढलेल्या फोटोंवरून एका कारागिरानं त्याला काजळी लावली आणि नेमका माझा पोचा पाडला. मी, खरा डबा, चकचकीत होऊन टेबलावर बसलो होतो, आणि कुणीतरी माझ्यात पेनं ठेवली होती. पहिले दोन दिवस मी त्या तोतयावर जळलो. मग त्याला कॅमेऱ्यासमोर पाहिलं आणि राग विरघळला. तो माझ्यासारखाच दिसत होता, माझ्यापेक्षाही जास्त.

बंडूचं काम यशराज नावाचा तरुण नट करत होता. झाकण कोणत्या हातानं उघडायचं, आग्रह करताना मान कशी करायची, हे त्यानं तात्यासोंना बारकाईनं विचारून घेतलं. आदितीनं ठरवलं होतं की खोपटातल्या त्या प्रसंगात जेवणाचा एकही पदार्थ दाखवायचा नाही आणि संगीतही ठेवायचं नाही. नुसता यशराजचा आवाज आणि रिकामे हात. तरी सांगतो, त्या शेडमधल्या दिवे धरणाऱ्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं, आणि मग डोळ्यांना. प्रसंग संपला तेव्हा कळलं की भूक खरी दिसावी म्हणून यशराजनं जेवणच सोडलं होतं. तात्यासो काठी टेकत उठले, मंडळींसाठी आलेल्या जेवणातल्या भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि थेट त्याच्या तोंडाशी नेला.

“खा. एक उपाशी ऱ्हायला तेवढा बास झाला मला.”

त्या मुलानं घास घेतला आणि तो तात्यासोंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तात्यासो त्याला भरवत राहिले.

सिनेमा लागला त्या दिवशी तात्यासोंनी मला पुन्हा पिशवीत घातलं. बाळाबाईला आणायला ते स्वतः बावड्याला गेले होते. दुपारच्या खेळाला दोघे शेजारी बसले. मी मांडीवर, पिशवीचं तोंड उघडं. पडद्यावर तो तोतया आला तेव्हा केवढा मोठा दिसत होता! माझ्या अंगावरून गेलेला पोचा तिथे लख्ख दिसत होता. आता तो कुठलाही तांबट ठोकून काढू शकणार नव्हता. यशराज म्हणाला, “मी तुझ्या आधीच जेवलोय,” आणि तात्यासोंनी मला पिशवीसकट घट्ट धरलं. बाळाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. शेवटी काळ्या पडद्यावर बंडूचं नाव आलं, त्याच्याखाली त्याच्या गावाचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे दोघे बसूनच होते.

तात्यासोंनी मला बाहेर काढलं आणि बाळाबाईपुढे धरलं. “तुमच्या घरचा हाय. बाळाबाई, मी म्हातारीला खोटं बोललो. आनि डबाबी रिकामाच हाय. काय भरावं तेच कळंना इतकी वर्सं.”

बाळाबाईनं मला मांडीवर घेतलं. बुडावरचं नाव चाचपलं.

“आईला ठावं हुतं, तात्यादादा.”

“काय?”

“तू मान हलवलीस तवाच तिनं वळकलं. म्हणाली, माझा बंडू आधी दुसऱ्याला वाढणार, मग आपण बसणार. त्यो कशाला जेवतोय? पण माझी चटणी वाया न्हाई गेली, त्या पोराच्या अंगी लागली.” तिनं डोळे पुसले. “ती दर साली चटणी कांडली की तुझ्या वाटणीची बाजूला काढायची. म्हणायची, तात्या डबा घेऊन यील. तू आलाच न्हाईस.”

तात्यासो त्या खुर्चीत लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, आता माझा निरोप झाला, मी माझ्या घरी पोहोचलो. पण बाळाबाई कसली ऐकते! दोन दिवसांनी ती स्वतः मंगळवार पेठेत हजर झाली, मला अंजनाच्या हातात दिलं आणि म्हणाली, “घासू नको गं याला आता.” मी काठोकाठ भरलेला होतो. वर तेलाची धार होती.

तेव्हापासून मी बावडा आणि मंगळवार पेठ यांच्यामध्ये फिरतो आहे. तिकडून चटणी घेऊन येतो, इकडून कधी गूळ, कधी शेंगा घेऊन जातो. या खेपांत मला नवे पोचे पडले आहेत आणि अंजना त्यांना हात लावत नाही.

मित्रांनो, खऱ्या माणसांच्या गोष्टी पडद्यावर आणणाऱ्यांना माझ्यातर्फे एक नमस्कार सांगा. जे माणसाला तोंडानं सांगवत नाही, ते ही मंडळी कापसाच्या बर्फात बसून सांगतात. सिनेमा संपल्यावर खाली नावं येतात, ती वाचल्याशिवाय उठू नका. जुनी भांडी घासा, पण त्यांचे पोचे राहू द्या. आणि तुमच्या घरात कुणाचा डबा राहून गेला असेल, तर फळीवरून आजच खाली काढा. त्यात काय भरावं याचा विचार करत बसू नका. घेऊन जा, रिकामा असला तरी जा. तिकडे कुणीतरी तुमच्या वाटणीचं बाजूला काढून ठेवलेलं असतं.